दार धरणाऱ्या रेवतकर बाई

सोमवारी प्रार्थना संपली की आमच्या शाळेतली झाडून सगळी मुलं-मुली आपल्याच तोंडात आपलीच तीन बोटं उभी घालून पाच मिनिटं उभी राहत. कामठी रोडवरून जाणारे सायकलवाले हा देखावा बघून पाय टेकायचे. एकदा शिक्षण खात्याचे एक साहेब तपासणीला आले होते. त्यांना वाटलं, प्रार्थनेचाच काही नवा प्रकार असावा. रेवतकर बाईंनी त्यांनाही अगदी अदबीनं बोटं घालायची विनंती केली. साहेबांना सुपारीचा नाद होता. दोन बोटं गेली, तिसरं अडलं. बाई सगळ्यांदेखत काही बोलल्या नाहीत, पण साहेब जायला निघाले तेव्हा फाटकापर्यंत त्यांच्यासोबत चालत गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात साहेबांची सुपारीची डबी होती. ती डबी पुढे कित्येक वर्षं प्रयोगशाळेत टाचण्या ठेवायला वापरली गेली.

तीन बोटांच्या परीक्षेमागे बाईंचा भाऊ होता. काटोलला त्यांची संत्र्याची बाग होती, ती हा भाऊ बघायचा. शाळेत असल्यापासून त्याला तंबाखू-सुपारीची सवय लागली आणि चाळिशीत त्याचं तोंड उघडेनासं झालं. भाकरी कुस्करून, ताकात कालवून, ती फटीतून आत सारावी लागे. बाई हे वर्गात सांगत तेव्हा आवाज अजिबात चढवत नसत. भाकरी कशी कुस्करायची ते फक्त हातानं करून दाखवत. मुलांच्या रांगेतून फिरताना त्या डावा तळहात बघत, कारण चुना डाव्या हातावर मळतात. ज्याच्या हातावर डाग दिसे त्याला शिक्षा एकच, दुपारी बाईंच्या डब्यातली अर्धी भाकर ताकात कुस्करून सगळ्यांसमोर दात न उघडता खायची. पोरं सुरुवातीला हसत. तिसऱ्या घासाला हसू जाई.

बाईंचं वय मला कधी कळलं नाही. मी आठवीत होते तेव्हा त्या पंचेचाळिशीच्या असाव्यात. काठाची सुती साडी, पायात पुरुषांचे पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि हँडलला पिशवी लावलेली लेडीज सायकल. प्रताप नगरात तेव्हा घरांपेक्षा रिकामे प्लॉट जास्त होते. तिथं दोन खोल्यांत त्या एकट्या राहत आणि रोज अख्खं नागपूर ओलांडून शाळेत येत. उन्हाळ्यात पिशवीत कांदा, हिवाळ्यात काटोलची संत्री. विज्ञान शिकवत आणि आठवड्यातून एक तास आरोग्यशास्त्राचा घेत. तो तास आमच्या वेळापत्रकात शनिवारी शेवटी होता. बाकीचे शिक्षक त्या तासाला गणिताची राहिलेली उदाहरणं सोडवून घेत, पण बाईंनी तो कधी कुणाला दिला नाही.

त्यांचं एक वाक्य शाळेतल्या प्रत्येकाला पाठ होतं. शरीर म्हणजे भाड्यानं आणलेली सायकल नाही, संध्याकाळी दुकानात नेऊन टेकवली की सुटलो. नागपुरात तेव्हा तासावर सायकली मिळायच्या आणि आम्ही त्या कशा दामटायचो हे बाईंना ठाऊक होतं. ज्या मुलीनं उपाशी राहून श्रावणी सोमवार धरला असेल तिला त्या प्रार्थनेच्या रांगेतच ओळखत. ओठ बघायच्या. मग पिशवीतून काहीतरी निघायचं, संत्रं, नाहीतर केळं, आणि वर चार शब्द. एकदा एक मुलगी उपासाला हट्टानं चिकटून राहिली, केळंसुद्धा घेईना, तेव्हा बाई तिला म्हणाल्या, "महादेवानं तुले चक्कर ये म्हनून सांगतलं काय वं? असं कोन्या पोथीत आहे ते मले दाखव." वर्गात शुद्ध बोलणाऱ्या बाई माया आली की किंवा राग आला की काटोलच्या बोलीवर येत. दोन्हींतलं नेमकं काय आलंय ते ओळखायला आम्हाला वर्ष-वर्ष लागलं.

या बाईंच्या हातून एक मोठी चूक झाली. मी हे लिहायला बसले ते त्या चुकीमुळे. एरवी चांगल्या शिक्षिका पुष्कळ पाहिल्या आणि पुढे मीही शिक्षिकाच झाले.

शिस्तीचं काम बाईंकडे होतं. तास चालू असताना मुलं सारखी पाण्याला नाहीतर लघवीला म्हणून बाहेर पळतात आणि मैदानावर हुंदडतात, अशी सगळ्या शिक्षकांची तक्रार होती. बाईंनी त्यावर उपाय काढला. प्रत्येक वर्गात फळ्याशेजारी खिळ्याला एक पितळी बिल्ला टांगला. ज्याला बाहेर जायचं त्यानं बिल्ला घेऊन जायचं, परत आला की टांगायचा, मगच दुसऱ्यानं उठायचं. बिल्ला एकच. प्रत्येक वेळी वर्गप्रमुखानं फळ्याच्या कोपऱ्यात एक रेघ मारायची. शनिवारी रेघा मोजायच्या आणि ज्या वर्गाच्या सगळ्यांत कमी, त्या वर्गाच्या दारावर पुढचा आठवडाभर झेंडा. हा झेंडा बाईंनी स्वतःच्या एका जुन्या साडीतून शिवला होता, नारिंगी रंगाचा, त्याला पांढरी किनार.

आमची नववी ब ही मुलींची तुकडी. दिवाळीनंतर तो झेंडा आमच्या दारावर आला आणि उतरेनाच. आठवड्याला सात रेघा, पाच रेघा, एका आठवड्यात तर दोनच. मुलांच्या वर्गांत तीस-चाळीस रेघा. बाई मुलांच्या वर्गात जाऊन सांगत, जरा ब तुकडीकडून शिका. वर्गप्रमुख मी होते. शनिवारी झेंडा काढून परत तिथंच लावण्याचा मान माझा. मी तो मान फार ऐटीत घेत असे, हे आता कबूल करायला हरकत नाही.

आमच्या रेघा कमी का होत्या हे वर्गातल्या छत्तीस मुलींना माहीत होतं. मुलींचं संडास-मुतारीचं बांधकाम शाळेच्या मागच्या भिंतीला लागून होतं. तीन खोल्या. दोन खोल्यांना दारं नव्हतीच. तिसरीला दार होतं, पण कडी नव्हती. ते दार वाऱ्यानं आपोआप उघडायचं आणि समोर मुलांचं खोखोचं मैदान. जायचं तर एकीनं आत जायचं आणि दुसरीनं बाहेर दार धरून उभं राहायचं. मधल्या सुट्टीत तिथं एवढी रांग लागे की निम्म्या मुलींचा नंबर यायच्या आत घंटा होई. आणि तासाला बिल्ला एकच, म्हणजे जाणार एकटीच. मग दार कोण धरणार? त्यापेक्षा नको जाणं. आणि जायचं नसेल तर पाणी पिणं नको. व्हरांड्यातल्या रांजणातलं पाणी आम्ही फक्त चूळ भरायला वापरत असू. कुणी कुणाला हे शिकवलं नव्हतं. मोठ्या मुलींचं बघून लहान मुली शिकत गेल्या.

आणि आरोग्यशास्त्राच्या पेपरात प्रश्न असे, रोज किती पाणी प्यावे व का. आम्ही सगळ्या जणी सहा ते आठ पेले लिहून पैकीच्या पैकी गुण घेत होतो. बाई फळ्यावर रंगीत खडूनं मूत्रपिंडाची आकृती फार सुरेख काढत. त्या आकृतीखाली, कोपऱ्यात, माझ्या त्या दोन-तीन रेघा असत.

लता मेश्राम माझ्या बाकावर बसायची. कामठीहून बसनं यायची. साडेनवाला घर सोडायची आणि परत पोचायला सव्वासहा व्हायचे. तिची आई घरी विड्या वळायची, वडील विडीच्या कारखान्यात होते. त्यांना वाचता येत होतं ते स्वतः धडपडून शिकल्यामुळे. छप्पन साली दीक्षेला ते ज्या रस्त्यानं कामठीहून चालत नागपूरला आले, त्याच रस्त्यावरच्या शाळेत पोरगी जाते, हे ते भेटेल त्याला सांगत. कामठीत शाळा नव्हत्या असं नाही, पण त्यांना लता याच शाळेत हवी होती. लता हुशार होती, अक्षर मोत्यासारखं, आणि बोलायची कमी. तिचे ओठ कायम सुकलेले, फुटलेले असत. बाईंच्या ते नजरेतून सुटलं नव्हतं. तिला त्यांनी दोनदा संत्रं दिलं होतं आणि रात्री ओठांना तूप लावत जा म्हणून सांगितलं होतं.

फेब्रुवारी सरत आला होता आणि उन्हं तापायला लागली होती. एका दुपारी, भूगोलाच्या तासाला, लता मला हळूच म्हणाली की तिच्या पाठीत फार दुखतंय आणि तिला जायला हवं. मी म्हटलं, घे ना बिल्ला. ती म्हणाली, तू चाल माझ्यासंगं. मी म्हटलं, दोघींना नाही जाता येत, तुला माहीत आहे. तिनं फळ्याच्या कोपऱ्याकडं पाहिलं. त्या आठवड्यात तिथं एकच रेघ होती आणि दिवस शुक्रवार होता. ती बसून राहिली. मला तेव्हा बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं मला आजही विसरता आलेलं नाही.

सोमवारी लता आली नाही. मंगळवारी नाही. त्या आठवड्यात तिच्या गल्लीतल्या एका मुलाकडून कळलं की तिला हुडहुडी भरून ताप आला, शुद्ध हरपली आणि नागपूरला मोठ्या दवाखान्यात आणून टाकलं आहे. बाई त्याच दुपारी सायकलनं दवाखान्यात गेल्या. जाताना मला म्हणाल्या, तू तिच्या बाकावरची ना, डबलसीट बैस. बाईंच्या सायकलवर मागे बसण्याचा मान शाळेत दुसऱ्या कुणाला मिळाला नसेल, पण त्या दिवशी मला त्याचं काहीच वाटलं नाही.

लता पांढऱ्या पलंगावर डोळे मिटून पडली होती. हाताला सलाईन. पायाशी तिची आई बसली होती आणि वडील खिडकीला टेकून उभे होते. डॉक्टरीण बाई नुकत्याच तपासून गेल्या होत्या. लघवीतला दोष वर मूत्रपिंडापर्यंत चढला होता. बाईंनी सगळं नीट विचारून घेतलं. मग त्या लताच्या उशाशी बसल्या आणि तिनं डोळे उघडल्यावर आपल्या नेहमीच्या पद्धतीनं ओठांकडे बघत म्हणाल्या, "काहून वं लता, शाळेत पानी नाही पेत तू?"

लता म्हणाली, "नाही पेत बाई."

"काहून?"

लतानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मग ती म्हणाली, "पानी पेलं का जा लागते. बिल्ला एकच हाय. दार कोन धरन?"

बाईंना पहिल्यांदा कळलंच नाही. कुठलं दार, असं त्यांनी विचारलं. मग लताच्या आईनंच सगळं सांगितलं. घरी आली की पोरगी दप्तर फेकून आधी मागच्या अंगणात धावते आणि मग लोटाभर पाणी घटाघटा पिते, हे ती दोन वर्षं बघत होती. तिला वाटे, मोठ्या शाळेचा तसा नियम असेल. बाई ऐकत राहिल्या. त्यांचा हात लताच्या कपाळावर होता, तो त्यांनी काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. मग लताचे वडील बोलले. ते रागानं बोलले असते तर बरं झालं असतं असं बाई पुढे मला एकदा म्हणाल्या. ते शांतपणे बोलले. म्हणाले, "बाई, पोरीले शिकवाचंच आहे मले. पन पोरगी जित्ती पाहिजे ना. आता नाही पाठवत मी."

परत येताना बाईंनी सायकल हातात धरली आणि दोघी चालत आलो. वाटेत त्या एकदाच बोलल्या. म्हणाल्या, मी तिला तूप लावायला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाई अर्धा तास लवकर आल्या आणि शाळेच्या मागे गेल्या. शिक्षकांची सोय ऑफिसच्या बाजूला होती, कुलूपबंद, किल्ली टेबलाच्या खणात. बाई या शाळेत अकरा वर्षं होत्या आणि मुलींच्या त्या खोल्यांकडे एकदाही फिरकल्या नव्हत्या. मुलांना तोंडात बोटं घालायला लावून बघणारी बाई. तिसऱ्या खोलीत त्या गेल्या, दार लोटलं, ते उघडलं, परत लोटलं, परत उघडलं. शाळेचा चपराशी हे दुरून बघत होता, त्यानंच आम्हाला सांगितलं. बाहेर आल्या तेव्हा बाईंनी पदरानं तोंड पुसलं म्हणे.

प्रार्थना झाली. वार सोमवार नव्हता, तरी बाई पुढे आल्या. ब तुकडीच्या दारावरचा झेंडा त्यांच्या हातात होता. त्यांनी त्याची नीट घडी घातली. सगळ्या शाळेसमोर, मुख्याध्यापकांसमोर, त्या एवढंच बोलल्या, "हा झेंडा मी शिवला. मी ज्याला शिस्त समजले ती या मुलींची तहान होती. चूक माझी आहे, त्यांची नाही." झेंडा त्यांनी पिशवीत टाकला आणि सगळे वर्गात गेलो. एवढी मोठी शाळा इतकी गुपचूप वर्गात गेलेली मी परत पाहिली नाही.

आता प्रश्न होता लता परत येण्याचा. बाई रविवारी कामठीला गेल्या. लता दवाखान्यातून घरी आली होती, पण डॉक्टरीण बाईंनी परीक्षेला बसायची मनाई केली होती, म्हणजे वर्ष गेलंच. वडिलांनी बाईंना चहा दिला, मान दिला आणि नाही म्हणून सांगितलं. बाई पुढच्या रविवारी गेल्या. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या खेपेला वडील म्हणाले, कडी बसवा, मी माझ्या डोळ्यानं पाहीन, मग बोलू.

ऐकायला सोपं आहे. एक कडी. बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या. ते सज्जन गृहस्थ होते, त्यांना वाईटही वाटलं होतं, पण बांधकामाचा विषय समितीसमोर जाईल, समिती मे महिन्यात बसेल, असं त्यांनी सांगितलं. दोन दारं, तीन कड्या आणि पाण्याचा नळ, यासाठी एवढं. बाईंनी अर्ज लिहून दिला. आणि त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत त्या स्वतः तिथं जाऊन उभ्या राहायला लागल्या.

हे दृश्य मी विसरणार नाही. मार्चचं ऊन. बाई दाराला पाठ लावून उभ्या, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात आमच्या वह्या. वही तपासायच्या, आतून हाक आली की एक पाऊल बाजूला सरायच्या, पुढची मुलगी आत गेली की परत पाठ लावायच्या. तासाला बिल्ला घ्यायची पद्धत त्यांनी मोडली नाही, पण प्रत्येक खिळ्याला दोन बिल्ले एका दोरीत बांधून टांगले. जोडीनंच जायचं असा आता नियम झाला. रेघा बंद. शिक्षकांच्या खोलीत बाईंना नावं ठेवली गेली. एवढ्या शिकलेल्या बाईनं कुठं उभं राहावं याला काही ताळतंत्र आहे की नाही, असं एक सर मोठ्यानं म्हणाले. मुलं भिंतीवर चढून हसायची. बाईंनी त्यांतल्या दोघांना खाली बोलावलं आणि रांजणातून पाण्याच्या बादल्या भरून त्या खोल्यांत ओतायच्या कामाला लावलं. तिसऱ्या दिवशी हसणं थांबलं.

आम्ही तरीही पाणी पीत नव्हतो. ही गोष्ट कुणाला खरी वाटत नाही, पण सवय अशी मुकाट्यानं अंगात बसते की कारण गेलं तरी ती जात नाही. बाईंच्या ते लक्षात आलं. मग आपल्या प्रत्येक तासाच्या सुरुवातीला त्या रांजणापाशी उभ्या राहून ओगराळ्यानं पाणी द्यायच्या आणि घोट गिळेपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. मला देताना एकदा म्हणाल्या, "पे वं कुंदा, तुह्यावाल्या रेघा मी पुसल्या." मी रडले. त्यांनी मला रडू दिलं, पण पेला संपवायला लावला.

मेची समिती झाली आणि विषय पुढच्या वर्षावर गेला. बाईंनी वाट पाहिली नाही. सुट्टीत काटोलच्या बागेतल्या जुन्या पाणी खेचायच्या खोलीची दोन दारं त्यांनी बैलगाडीनं स्टँडवर आणली आणि बसच्या टपावर टाकून नागपूरला. कड्या इतवारीतून. सुताराला सोबत घेऊन त्यांनी दारं बसवली आणि कड्या स्वतः स्क्रू पिळून लावल्या. तिसऱ्या खोलीची कडी सुतारानं वर लावली होती, ती बाईंनी काढून खाली लावायला लावली. पाचवीतल्या मुलीचा हात पोचला पाहिजे असं त्यांचं म्हणणं होतं. हे सगळं मी बघितलं, कारण बाईंनी मला मदतीला बोलावलं होतं. माझं काम स्क्रू हातात धरून उभं राहण्याचं होतं.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी लताचे वडील आले. पांढरा स्वच्छ सदरा, पायजमा, हातात टोपी. मुलींच्या त्या जागेशी जायला त्यांचा पाय उचलत नव्हता. बाई म्हणाल्या, "या मेश्रामजी, कोनी नाही आज." ते तिसऱ्या खोलीत गेले. आतून कडी लावल्याचा आवाज आला. मग त्यांनी दाराला आतून दोन-तीन धक्के दिले, चांगले जोराचे. दार हललं नाही. कडी काढून बाहेर आले, दुसऱ्या खोलीत गेले, पहिलीत गेले. तिन्ही बघून झाल्यावर बाहेर येऊन उभे राहिले आणि खाली बघत म्हणाले, "लागते."

बाईंनी मान हलवली. लता दुसऱ्या दिवशी शाळेत आली, परत नववीत. मी दहावीत गेले होते. मधल्या सुट्टीत मी तिच्याशी बोलायला जायची आणि ती बोलायचीही, पण आमचा एक बाक राहिला नाही. तिला कायम बाटलीत पाणी घेऊन फिरावं लागे आणि डॉक्टरीण बाईंकडे वरचेवर जावं लागे. पुढे तिनं मॅट्रिक पास केली, नर्सिंगला गेली. भंडाऱ्याला आहे असं मध्यंतरी ऐकलं. त्या शुक्रवारबद्दल आम्ही दोघी कधीच बोललो नाही. बोलायला मलाच हवं होतं.

बाई नंतर सात-आठ वर्षं शाळेत होत्या. शिस्तीचं काम त्यांनी स्वतःहून सोडलं. सोमवारची तीन बोटं चालू ठेवली. आणखी एक सवय त्यांना जडली. कुठंही गेल्या, लग्नाला म्हणा, व्याख्यानाला म्हणा, दुसऱ्या शाळेत परीक्षेच्या ड्यूटीवर म्हणा, की आधी विचारत, मुलींचं कुठं आहे. लोकांना वाटे, बाईंनाच जायचं आहे. बाई जात, कडी लावून बघत, आणि लागत नसेल तर पिशवीतून कडी आणि स्क्रू काढत. कांद्याच्या शेजारी हे सामान असायचं. त्यांच्या भाचीच्या लग्नात त्यांनी मांडवामागं जाऊन अशी कडी बसवल्याचं मला भाचीनंच सांगितलं. तोपर्यंत मंगलाष्टकं निम्मी झाली होती.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते ऐंशीनंतर, माझ्या शाळेत. मी तेव्हा मुलींच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. स्नेहसंमेलनाला पाहुणी म्हणून मी बाईंचं नाव सुचवलं. त्या निवृत्त होऊन काटोलला गेल्या होत्या, भाऊ गेला होता, बाग भाचा बघत होता. बसनं एकट्या आल्या. पाठ वाकली होती, गुडघे दुखत होते, पायात तेच पांढरे बूट. पिशवीतून संत्री काढून त्यांनी माझ्या टेबलावर मांडली. मग माझे ओठ बघितले आणि म्हणाल्या, ठीक आहे.

पडदा वर जायला वेळ होता. बाईंनी विचारलं, मुलींचं कुठं आहे. मी त्यांना मागे घेऊन गेले. सहा खोल्या होत्या, सगळ्यांना दारं, नळाला पाणी. बाई कोपऱ्यातल्या एका खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. मी बाहेर थांबले. मैदानावर मुली नाचाचे कपडे सावरत पळत होत्या, लाउडस्पीकरवर कुणीतरी आकडे म्हणून बघत होतं. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की मी दाराला पाठ लावून उभी आहे आणि मागे हात नेऊन दार घट्ट ओढून धरलं आहे.

आत कडी सरकल्याचा आवाज झाला. एकदा लागली, निघाली, परत लागली. मग बाईंनी आतून विचारलं, "कोन हाय?"

"मी, बाई. कुंदा."

आतून कडीवर दोनदा टकटक झाली.

"सोड वं दार," बाई म्हणाल्या. "कडी लागते."